जोसीच्या खांद्याची बंदूक

वर्लिन स्ट्राउडनं आपल्या बापाची बावीस बोअरची रायफल तेलपाणी करून नातीसाठी काढून ठेवली होती. खारींच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता आणि जोसीला यंदा दहावं लागलं होतं. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरांत या वयाला पोरांच्या हाती बंदूक येतेच.

पण जोसीनं ती खांद्याला लावली तर दस्ता थेट काखेत शिरला. त्यात पोर डावरी आणि बंदुकीचा खटका उजव्या हाताचा. नळी वजनानं खाली झुकत होती, तरी ओठ घट्ट मिटून ती उभी राहिली.

"मोठी झाली की बसेल बरोबर," वर्लिन म्हणाला.

"आणि तोवर वाकडंतिकडं शिकेल," त्याची मुलगी ड्रीमा, जोसीची आई, म्हणाली. "माझं तेच झालं, बाबा. मला ती पेलायचीच नाही. तुम्हाला वाटायचं, पोर भित्री आहे."

शनिवारी वर्लिन दोघींना घेऊन गावातल्या हार्लेसच्या बंदुकांच्या दुकानात गेला.

हार्लेसनं एक रायफल काढली, खटका मागे ओढून ती रिकामी असल्याचं दाखवलं आणि म्हणाला, "ही घे. एका दमात दहा गोळ्या."

"एकच गोळी भरता येईल अशी दाखवा," ड्रीमा म्हणाली. "दुसरी भरताना पहिली कुठं गेली याचा विचार होतो."

तशी एक होती. आखूड, हलकी, डावऱ्या हाताची. पण रंग भडक गुलाबी.

"डावरी एवढीच उरलीय," हार्लेस ओशाळून म्हणाला. "काळी मागवतो, पण यायला हंगाम उलटेल."

"ही घेऊन रानात गेलीस तर खारी हसून हसूनच झाडावरून पडतील," वर्लिन म्हणाला.

जोसीला गुलाबी रंगाचा भारी राग. तरी तिनं रायफल घेतली, रिकामी आहे ना ते स्वतः पाहिलं आणि भिंतीच्या कोपऱ्यावर नेम धरला. गाल दस्त्यावर टेकला. बोट चापापर्यंत सहज पोचत होतं. हात हलला नाही.

"हीच," ती म्हणाली.

"अगं, पण रंग?"

"घाणेरडा आहे. पण मला ही धरता येते, आजोबा."

त्याच दुपारी घरामागच्या मातीच्या बांधाला टेकवून वर्लिननं डबा ठेवला. पहिल्या गोळ्या मातीत गेल्या. तो सांगायला पुढं सरसावला, तशी ड्रीमानं त्याची बाही धरली. जोसीनं रिकामं काडतूस काढलं, नवं भरलं, श्वास सोडला. डबा उडाला. ती हसलीसुद्धा नाही. तिनं पुढचं काडतूस घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, डबा जरा लांब ठेवा."

हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटे पेट्रोलपंपावर वर्लिनच्या जुन्या दोस्तांनी ती बंदूक पाहिली आणि एकमेकांना कोपरानं ढोसलं.

"हसून घ्या," वर्लिन म्हणाला. "मग तुमच्या नातवंडांना घेऊन या आमच्या बांधावर. नेम कुणाचा लागतो ते बघू."

जोसी तोवर गाडीत जाऊन बसली होती. उजाडायच्या आत तिला रान गाठायचं होतं.