एक नंबर तुम्हालाच

आमच्या किलब्रॅनो गावात मत मागायला दारात आलेल्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळतं, "एक नंबर तुम्हालाच!" मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे असतात आणि एक हा आकडा माणसाला एकदाच लिहिता येतो. आमच्या गावाने तो नऊच्या नऊ उमेदवारांना वाटून टाकलेला असतो. खोटारडे मेले! आणि उमेदवार ते खरं मानतात, म्हणजे त्यांच्याहून गाढव.

त्यातला सगळ्यात मोठा गाढव माझा सख्खा भाऊ, फिंटन गिल्डे. वीस वर्षं कौन्सिलर. कर्तबगारी म्हणाल तर मयतं. आसपासच्या तीन गावांत कुणी डोळे मिटले की हा काळा कोट चढवून हजर. कोण गेलंय हेसुद्धा मला गाडीत सांगावं लागायचं. विधवेचा हात दोन्ही हातांत धरायचा, हॅमचं सँडविच तोंडात कोंबायचं आणि पुढच्या मयताला पळायचं. लोक भुलायचे हो! दारातला खड्डा तसाच, पण "फिंटन आला होता बरं का आमच्या म्हाताऱ्याच्या वेळी."

आमची आई डिलिया, वय एक्क्याण्णव, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात असते. फिंटनच्या घरापासून गाडीने सात मिनिटं. नाताळानंतर साहेब तिकडे फिरकले नव्हते आणि आता जून उजाडला होता. मी बोलले की म्हणायचा, "अगं नोरीन, निवडणूक होऊ दे. आई कुठे पळून जातेय?"

मतमोजणी शाळेच्या क्रीडागृहात होती. एकेक पेटी रिकामी करून पत्रिका उताण्या टाकतात आणि आम्ही उमेदवारांची माणसं कठड्यावर ओणवून एकेका मताला पेन्सिलीने रेघ ओढतो. कुठल्या गल्लीने कुणाला मत दिलं ते दुपारपर्यंत उघडं पडतं. चर्च स्ट्रीटच्या पेटीत फिंटनला आठ मतं निघाली.

"आठ? त्या गल्लीत वर्षभरात अकरा मयतं केली मी!" तो माझ्या कानाशी फिस्कारला.

"मेलेले मत देत नाहीत, फिंटन."

बाकीच्या जागा भरल्या आणि शेवटच्या जागेला दोघंच उरले, फिंटन आणि नर्स डर्व्हला हॅनिफी. फिंटन एका मताने मागे. बरोबरी झाली असती तर जागा त्याची, कारण पहिल्या पसंतीची मतं त्याला जास्त होती. त्याने थयथयाट करून फेरतपासणी मागितली. बाद ठरलेल्या पत्रिका पुन्हा टेबलावर आल्या. कुणी नुसत्या फुल्या मारलेल्या, कुणी शिव्या लिहिलेल्या. निवडणूक अधिकारी कॉलरीसाहेबांनी एक पत्रिका हातात धरली आणि ते थांबले.

"हिच्यावर फिंटन गिल्डे यांच्या नावापुढे स्वच्छ एक आहे. खाली दोन ओळी लिहिल्यात." त्यांनी चष्मा सावरून वाचलं, "सगळ्यांच्या मयताला जातोस. जिवंत माणसांनाही भेटत जा."

सगळे खदखदून हसले. डर्व्हलासुद्धा. मी हसले नाही. ते अक्षराचं वळण मी ओळखलं होतं.

कॉलरीसाहेब म्हणाले, "मत कुणी दिलं ते पत्रिकेवरून ओळखता आलं तर ती बाद. पण यात ओळखण्यासारखं मला काही दिसत नाही. पहिल्यांदा जरा घाईच झाली. हे मत धरावं असं मला वाटतं."

म्हणजे जिंकलास ना, मुडद्या? आता तरी थोबाड बंद ठेव! मी त्याच्या कोटाची बाही ओढली. पण वीस वर्षं बोलून खाल्लेला माणूस तो, गप्प कसा राहील? त्याने मान लांब केली, पत्रिका पाहिली आणि आनंदाने ओरडला, "धराच साहेब! अहो, हे माझ्या आईचं अक्षर आहे! आई मुलाला नाही तर कुणाला मत देणार?"

डर्व्हलाच्या वकिलाने पेनाला टोपण लावलं आणि गोड आवाजात विचारलं, "म्हणजे मतदार कोण ते आता आपल्या सगळ्यांना माहीत आहे, नाही का साहेब?"

पत्रिका पुन्हा बादच्या ढिगात गेली. वीस वर्षांची खुर्ची एका वाक्यात घालवली आमच्या दीडशहाण्याने.

बाहेर आल्यावर तो माझ्यावरच उखडला, तू मला थांबवलं का नाहीस म्हणून. मग म्हणाला, "आईकडे चल. तिला जाब विचारतो." सात मिनिटांत पोचलो. रस्ता मात्र मला सांगावा लागला, कारण आश्रमाचं फाटक मार्चमध्येच दुसऱ्या बाजूला गेलं होतं.

आई खिडकीशी चहा पीत बसली होती. तो कोट न काढताच सुरू झाला. "आई, काय केलंस हे? माझं वाटोळं केलंस! काही सांगायचं होतं तर फोन करायचास, पत्र टाकायचंस!"

"फोन केले. पत्रं चार टाकली."

"मग मतपत्रिकेवर कशाला खरडलंस?"

आईने कप बशीत ठेवला.

"तू डोळ्यांत तेल घालून वाचशील असा तेवढा एकच कागद होता, बाळा."