शुक्रावरच्या सैतानाच्या चपला

धम्मरत्न पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हाच मी ओळखलं, याला काही शिवायचं नाही. चोवीस वर्षांची पोरं हल्ली टेलरकडे फिरकत नाहीत, आणि माझ्या पाटीवर तर ठळक अक्षरात 'फक्त लेडीज' लिहिलंय. हा दारात उभा राहून कपाटाच्या वर काय ठेवलंय ते बघत होता. सोबत त्याचं शूटिंग करणारी वैष्णवी होती, हातात मोबाइल धरून.

"आरिफाताई, जलालचाचाचा तो गंज पाह्यजे होता," तो म्हणाला.

"कोणता गंज?"

"सैतानाचा."

माझी कात्री कापडातच थांबली.

हा सैतान कोण, ते आधी सांगते. सत्त्याऐंशी साली आमच्या दिग्रसमध्ये एक पिक्चर बनला होता. बनवला सेवादास फोटोवाल्याने, लग्नाचं शूटिंग करायच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर. नाव 'शुक्रावरचा सैतान'. बजेट म्हणजे ज्याच्या घरून जे मिळेल ते. यान दोन घमेल्यांचं होतं, आणि ते ज्या दोरीला लटकत होतं ती दोरी यानापेक्षा जास्त दिसायची. सैतान होते माझे अब्बा, स्कूटर मेकॅनिक जलाल. जर्मनच्या मोठ्या गंजाला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला, भोकं पाडून त्यांनी स्वतःच सैतानाचं डोकं तयार केलं, डोळ्यांच्या जागी स्कूटरचे इंडिकेटर बसवले आणि अंगाला चंदेरी रंग फासलेला बारदाना गुंडाळला. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मला त्या सैतानाची अजिबात भीती वाटायची नाही, त्याच्या हाताला माझ्या अब्बांच्या ग्रीसचा वास यायचा.

त्यात एक सीन होता. सैतान एका बाईला खायला तिच्या घरात शिरतो. डोळे उघडझाप करतायत, हात पुढे पसरलेत, गंजाच्या आतून घर्रघर्र चाललंय. आणि उंबऱ्याशी येऊन अब्बांनी काय करावं? चपला काढल्या. आधी डावी, मग उजवी. दोन्ही जोडून बाजूला ठेवल्या आणि पुन्हा घर्रघर्र करत आत गेले. सवयच ती! सेवादासला हे कळलं तोपर्यंत भाड्याचा कॅमेरा परत गेला होता, म्हणून सीन तसाच राहिला. व्हिडिओ हॉलमध्ये लोक पोट धरून हसले.

त्या दिवसापासून अब्बांचं नाव पडलं चपल्या. गॅरेजवर येणारे मुद्दाम बाहेर चपला काढायचे आणि दात काढत आत यायचे. शाळेत मी चपल्याची पोरगी. अब्बांनी भिंतीवरचा पिक्चरचा फोटो उतरवला आणि पुन्हा त्याचं नाव घेतलं नाही. माझे अब्बा फार हसरे होते हो. त्यानंतर त्यांना मोकळं हसताना मी पाहिलं नाही. याचा राग मला आजही आहे, आणि तो सगळ्या दिग्रसवर आहे.

म्हणून मी धम्मरत्नला म्हटलं, "गंज भंगारात गेला."

त्याने कपाटावरच्या चादरीच्या बोचक्याकडे एकदा पाहिलं. "बरं. मग एवढंच सांगा, चपला कशा होत्या? चामड्याच्या का रबरी?"

"निघ इथून," मी म्हटलं.

ती दोघं गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मोबाइलवर त्या दोघांच्या चॅनेलवरच्या फिल्म्स एकामागून एक पाहून टाकल्या. यांचा धंदाच हा. जुने, स्वस्तातले, अवकाशातून कोणीतरी येणारे पिक्चर घ्यायचे आणि त्यांची नक्कल करायची. रबराची घोरपड काडेपेट्यांचं बसस्टँड पाडते. शास्त्रज्ञ मिक्सरचं बटण फिरवून गुरू ग्रहाला फोन लावतो आणि पलीकडून आवाज येतो, लाइन व्यस्त आहे. इथे मला हसू फुटलं आणि मी स्वतःवरच चिडले. सगळ्यात वाईट म्हणजे यानाची दोरी ही पोरं मुद्दाम दाखवतात, वर ती दिसावी म्हणून तिला लाल रंग देतात. प्रत्येक फिल्मच्या शेवटी पाटी येते, 'जुन्या पिक्चरवाल्यांना प्रेमाचा सलाम'. असले सलाम मला चांगले माहीत आहेत. गॅरेजवर दात काढणारेही आधी सलामच करायचे.

आठवडाभर मी डोळ्यात तेल घालून राहिले. आणि मग लक्षात आलं, पाणी दुसरीकडेच मुरतंय.

अब्बा दुपारी जोहरच्या नमाजला जायचे ते पूर्वी अर्ध्या तासात घरी यायचे. आता दिवस कलल्यावरची असरची नमाज झाली तरी पत्ता नाही. विचारलं तर म्हणायचे, "मशिदीत बसलो होतो." घरात आमची हिंदी चालते, मी इथे मराठीत सांगतेय. पण खोटं कुठल्याही भाषेत कळतं. एकदा त्यांच्या नखात चंदेरी रंग दिसला. दुसऱ्या दिवशी जुनी बॅटरी आणि वायरचं भेंडोळं पिशवीत घालताना दिसले. मंगळवारी मी कपाटावरचं बोचकं खाली काढलं, तर चादरीत गंजाऐवजी उशी.

बहात्तर वर्षांच्या माणसाला गोड बोलून फितवलंय, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका उरली नाही. पुन्हा चपला काढायला लावणार, आणि आता नुसतं दिग्रस नाही, आर्णी, महागाव, पुसद, सगळीकडे मोबाइलवर लोक हसणार. या वयात त्यांना ते झेपलं नसतं. मलाही नाही.

बुधवारी ते निघाले तशी मी स्कूटी काढली. मशिदीच्या बाजूला ते वळलेच नाहीत. बुद्धविहारामागच्या गल्लीत, धम्मरत्नच्या घरात शिरले. मी कोपऱ्यावर थांबून त्यांना मुद्दाम थोडा वेळ दिला, ऐन चोरीच्या वेळी पकडायचं म्हणून. आणि मग तडक आत गेले. पुढच्या खोलीत टाइल्स होत्या, तिथे कोणी नव्हतं. आवाज मागच्या जुन्या खोलीतून येत होता. अंगणाचं दार ढकलून मी तिकडे शिरले ती थेट खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले.

"लाज नाही वाटत? म्हाताऱ्या माणसाचा तमाशा करता?"

खोलीत धम्मरत्न होता, मोबाइल स्टँडला लावून वैष्णवी होती, आणि भिंतीशी मुसळ घेऊन त्याची आजी सत्यभामाबाई बसली होती. समोरच्या दारात, उंबऱ्याबाहेर, सैतान उभा होता. तोच गंज, तेच इंडिकेटर. बारदान्यातून अब्बांचे बारीक झालेले पाय दिसत होते. पायात चपला होत्या.

"आरिफा, ओरडू नको," गंजाच्या आतून आवाज आला. "यांनी नाही बोलावलं. मीच आलो. इंडिकेटरचं कनेक्शन दुसऱ्या कोणाला जमणार आहे?"

धम्मरत्न रडकुंडीला आला होता. "ताई, चाचा सारं करून राह्यले, पण कालपासून एक सीन अडून आहे. चाचा चपलाच काढत नाही."

"नाही काढणार," अब्बा मराठीत म्हणाले. "सैतान चपला काढत नसते. एक डाव गलती झाली, आता नाही."

मी धम्मरत्नकडे बोट रोखलं. "ऐकलंस? हेच पाहिजे होतं ना तुला? लोकांना हसवायला?"

तो काही बोलायच्या आत सत्यभामाबाईने मुसळ खाली ठेवलं.

"जलालभाऊ, गलती म्हन्ता तुमी त्याले?" ती म्हणाली. "हेच घर व्हतं तवा. हीच खोली. शूटिंग हाय म्हून मी पहाटे उठून सारवलं व्हतं. अकरा जन आले. हिरो, लाइटवाला, तो सेवादास, सारे बूट घालून माह्या घरात. ओल्या सारवनावरून, चुलीपर्यंत. आमच्या घरात कायची चपल काढा लागते, असंच वाटलं असन त्यायले. मी भिंतीले लागून उभी व्हती. तोंडातून शब्द निघाला नाही. अन् मंग तुमी आले, थे डोकं घालून. दारात थांबले. चपला काढल्या."

तिने उंबऱ्याकडे बोट केलं.

"मले वाटलं, तुमाले ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी तं सारी जिंदगी सांगून राह्यली. माह्या पोराले सांगितलं, नातवाले सांगितलं."

"चाचा, पिक्चर मी मोठा झाल्यावर पाह्यला," धम्मरत्न म्हणाला. "गोष्ट पाळण्यापासून ऐकून राह्यलो. आपल्या फिल्ममधी आजी मुसळ उचलते, चपला पाह्यते, अन् मुसळ खाली ठेवून सैतानाले पानी देते. तिथंच फिल्म संपते. म्हणून तर चपला पाह्यजे."

गंज जरा खाली झुकला. अब्बा जमिनीकडे बघत होते. मीही बघितलं.

सत्यभामाबाईने नुकतंच सारवलं असणार. जमीन अजून ओलसर होती, हिरवट, बोटांच्या वळणावळणांची. आणि तिच्यावर अंगणाच्या दारापासून खोलीच्या मध्यापर्यंत चपलांचे ठसे उठले होते. एका ओळीत, खोल, घाईघाईचे. ते माझ्यापाशी येऊन संपत होते.

चाळीस वर्षं मी दिग्रसला शिव्या दिल्या. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना. सत्यभामाबाई एवढंच म्हणाली, "राहू दे व माय, रागात होतं असं."

मी आल्या पावली अंगणात गेले. चपला काढल्या. ओढणी कमरेला खोचली आणि कोपऱ्यातली शेणाची बादली उचलली. मी शिलाई करणारी बाई, सारवायचं मला काय ठाऊक. सत्यभामाबाई भिंतीशी बसून सांगत गेली, "हात सैल ठेव, असा, मांगं मांगं सरक," आणि मी गुडघ्यावर बसून माझे ठसे पुसत गेले. अब्बा उंबऱ्याबाहेर गंज काखेत धरून पाहत होते.

तासाभराने वैष्णवीने मोबाइल सुरू केला. मी तिच्या मागे, अंगणात उभी होते.

सैतान आला. डोळे लुकलुकले, हात पुढे झाले, घर्रघर्र सुरू झालं. उंबऱ्याशी तो थांबला. फार वेळ थांबला. मग गंज माझ्या दिशेने वळला आणि आतून, अगदी घरगुती आवाजात, प्रश्न आला, "वाळलं का गं?"

"वाळलं, अब्बा," मी म्हटलं.

त्यांनी डावी चप्पल काढली. मग उजवी. दोन्ही जोडून बाजूला ठेवल्या, आणि घर्रघर्र करत आत गेले.

पहिली हसले ती मीच. आवरेचना. शॉट बिघडला, वैष्णवी माझ्याकडे वळून बघायला लागली, आणि तेवढ्यात गंजाच्या आतून अब्बांचं हसणं ऐकू आलं. तेच जुनं, गॅरेजमधलं, फक्त गंजामुळे जरा घुमणारं.

"चाचा, पुन्हा करा लागते," धम्मरत्न डोळे पुसत म्हणाला.

"करू," अब्बा म्हणाले, आणि बाहेर येऊन पुन्हा चपला घातल्या.