चावीवाला आणि काळी खिडकी

पाणीपुरवठा खात्यात नवरा-बायको दोघंही नोकरीला होती. नवरा चावीवाला. खांद्यावर लोखंडाची लांब चावी टाकून शहरभर हिंडायचं, रस्त्यातली झाकणं उचलून खालचे व्हॉल्व्ह फिरवायचे आणि कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं ते सांभाळायचं, हे त्याचं काम. बायको कचेरीत. जमिनीखालच्या प्रत्येक पाइपाची आणि व्हॉल्व्हची नोंद संगणकातल्या डेटाबेसमध्ये असे, आणि तो डेटाबेस तिच्या ताब्यात. "मी चिखल तुडवतो आणि ही त्याची नोंद ठेवते," असं तो थट्टेनं सगळ्यांना सांगायचा.

मग तिचे डोळे बिघडले. नजर एकदम गेली नाही. आधी कडा गेल्या, मग मधलं धूसर झालं, आणि एका सकाळी आरशासमोर केस विंचरता विंचरता ती म्हणाली, "अहो, दिवा लावा ना जरा." दिवा चालूच होता. त्यानं उठून तो उगाच एकदा बंद करून परत लावला आणि बराच वेळ तिथंच बटणावर हात ठेवून उभा राहिला.

कचेरीतले लोक वाईट नव्हते. साहेब तरुण अभियंता, तोही भला माणूस. तो म्हणाला, "ताई, तुम्ही तक्रारींचे फोन घ्या. बसल्या जागेचं काम आहे." ती म्हणाली, "फोन घेणारे पुष्कळ आहेत, साहेब. मला थोडी मुदत द्या."

अडचण अशी होती की खात्यानं नुकताच नवा प्रोग्राम घेतला होता. पडद्यावर शहराचा रंगीत नकाशा, त्यावर बोटभर चित्रं, चित्रावर माउस नेऊन टिचकी मारली की माहिती उघडे. पडदा वाचून दाखवणारा एक आवाज तिनं संगणकात बसवून घेतला होता, पण त्या आवाजाला चित्रं काय कळणार? तो बिचारा "बटण, बटण, चित्र, बटण" एवढंच घोकत राही.

तेव्हा ती जुन्या वाटेला वळली. डेटाबेसशी बोलायला कमांड लाइनची एक काळी खिडकी असते. तिच्यात ना नकाशा, ना बटण. आपण एक ओळ टाइप करायची, खालून उत्तराच्या ओळी येतात. नजर शाबूत असताना ती खिडकी तिनं अडीअडचणीलाच वापरलेली. आता घरी आल्यावर कानाला हेडफोन लावून ती तासन्‌तास तिचाच सराव करू लागली. आवाजाचा वेग तिनं इतका वाढवला होता की एकदा नवऱ्यानं हेडफोन लावून पाहिला, तर त्याला वाटलं कुणीतरी शिवणयंत्र भरधाव सोडलंय.

"यातलं तुला काय कळतं?" त्यानं विचारलं.

"सगळं. बाकीचे लोक बोट दाखवून मागतात, मी नाव घेऊन मागते. नाव ठाऊक असलं की बोट कशाला हवं?"

त्याला ते पटलं असं नाही. पण बायको पुन्हा गालात हसू लागली होती, तेव्हा त्यानं वाद घातला नाही.

एके दिवशी भर दुपारी बाजाररस्त्यावर केबल टाकणाऱ्यांच्या खोदाई यंत्राचा दात मुख्य पाइपात घुसला. चावीवाला आपल्या कामावरच्या जोडीदारासह स्कूटरवरून पोचला तेव्हा पाणी दुकानांच्या पायऱ्या चढत होतं आणि चपलांच्या दुकानातला माल रस्त्यावरून तरंगत निघाला होता. त्यानं जवळचा व्हॉल्व्ह गाठला आणि चावी लावून अंगातलं सगळं बळ काढून तो बंद केला. पाणी कमी झालं, पण थांबेना. म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी बाजूनं ते येत होतं.

त्यानं साहेबाला फोन लावला. साहेब नकाशासमोरच होता, पण सगळ्या कचेऱ्यांतून सगळ्यांनी एकदम नकाशा उघडल्यामुळे पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. साहेब म्हणाला, "टाकीवरूनच बंद करू या. दुसरा इलाज नाही."

"साहेब, टाकी बंद केली तर रुग्णालय कोरडं पडेल. तिथं डायलिसिसला पेशंट बसलेत. ती यंत्रं पाण्यावर चालतात."

साहेबानं पडद्यावरच्या चक्राकडं एकदा पाहिलं. मग म्हणाला, "ताईंना देतो."

बायकोचा आवाज आला. घाई नाही, घबराट नाही. "कुठला बंद केलात?"

"पिंपळाखालचा."

फोनमधून तिच्या बोटांचा आवाज येत होता. पागोळ्यांसारखा, मध्येच थांबणारा, परत सुरू होणारा. तिनं डेटाबेसला विचारलं होतं, की फुटलेल्या पाइपाला कोणकोणता पाइप येऊन मिळतो, आणि त्या प्रत्येकावर आधी कुठला व्हॉल्व्ह आहे. नकाशावर ही वाट डोळ्यांनी धरावी लागते. तिनं ती एका लांबलचक ओळीत मागितली.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "शिंप्याच्या दुकानासमोर, पायरीपासून चार हात रस्त्यात. झाकण दिसतंय?"

"इथं तर गुळगुळीत डांबर आहे गं."

"मग डांबराखाली असेल. नोंद खोटी नाही. शेऱ्यात लिहिलंय, रस्ता नवा केला तेव्हा झाकण नव्या डांबराच्या पातळीला उचलून घेतलं नाही."

त्यानं पहार घातली. थोडं उकरल्यावर लोखंडाचा खणखणीत आवाज आला आणि भोवतीची गर्दी एकदम पुढं सरकली. झाकण निघालं. त्यानं खाली चावी बसवली.

"लावली चावी. फिरवतो."

"थांबा. फिरवू नका."

पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागत होतं. चपलवाला डोक्याला हात लावून उभा होता. कुणीतरी ओरडलं, "अहो फिरवा की, बघत काय बसलात?" एखादा दुसरा चावीवाला असता तर त्यानं फिरवलीही असती. पण हा संसारात एक गोष्ट शिकला होता. ही थांबा म्हणाली की थांबायचं. चावीला धरून तो तसाच उभा राहिला, आणि कानात नुसती तिची बोटं वाजत राहिली.

"रुग्णालयाचं पाणी याच व्हॉल्व्हमधून जातं," ती अखेर म्हणाली. "हा बंद केलात तर टाकी बंद केल्यासारखंच. पण शाळेमागे पलीकडच्या पाइपाशी एक जोड आहे, त्याचा व्हॉल्व्ह एरवी बंद असतो. तो आधी उघडला तर रुग्णालयाला पलीकडून मिळेल. तुमच्या जोडीदाराला पाठवा. तो उघडू दे, रुग्णालयातून पाणी आल्याचा निरोप मला येऊ दे, मग तुम्ही फिरवा."

जोडीदार स्कूटर पिटाळत शाळेकडं गेला. तेवढा वेळ चावीवाल्यानं आयुष्यात खाल्ल्या नव्हत्या इतक्या शिव्या खाल्ल्या. मग फोनमध्ये बायको शांतपणे म्हणाली, "आलं. आता फिरवा."

त्यानं चावी फिरवली. आधी हलेना, मग कुरकुरत हलली. रस्त्यातला फवारा कमरेएवढा झाला, गुडघ्याएवढा झाला आणि खड्ड्यात बसला. चपलवाल्यानं त्याला पाणी विचारलं आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला.

संध्याकाळी तो चिखलानं माखलेला कचेरीत आला. बायकोच्या खुर्चीमागं साहेब उभा होता, हाताची घडी घालून, वर्गातल्या मुलासारखा. ती नोंदी बदलत होती.

"एवढंच ना ताई?" साहेबानं विचारलं.

"नाही. बदल अजून पक्का केलेला नाही. आधी बदलायचं, मग परत वाचून घ्यायचं, आणि मग पक्कं करायचं. चुकून साऱ्या शहराचे व्हॉल्व्ह बंद झालेत असं लिहून बसले, तर उद्या कुणीतरी त्यावर विश्वास ठेवील." मग पावलांवरून ओळखून ती नवऱ्याकडं वळली. "शिंप्यासमोरचा पुरता बंद झाला का?"

"झाला."

"शेवटपर्यंत?"

तो घुटमळला. "थोडा राहिला. गंज आहे. त्याच्यापुढं जाईना."

"मग तसं लिहिते." तिनं ओळ सुधारली, ती वाचणारा आवाज ऐकला, पुन्हा एकदा ऐकला, आणि मगच पक्की केली. साहेबानं खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसत म्हणाला, "ताई, मघाची ती लांब ओळ मला शिकवाल?"

"शिकवीन. पण नव्या प्रोग्रामवाल्यांना सांगा, त्यांच्या बटणांना नावं द्या म्हणावं. माझ्यासारखी आणखी कुणी आली तर तिनं काय करायचं?"

साहेबानं ते लिहून घेतलं आणि पुढल्याच आठवड्यात तसं पत्रही धाडलं. तक्रारींच्या फोनचा विषय मात्र परत कुणी काढला नाही.

घरी जाताना तिनं नेहमीसारखा त्याचा दंड धरला. ओल्या बाहीला हात लागताच म्हणाली, "अहो, तुम्ही तर पार भिजलात."

"तू थांबवून ठेवलंस म्हणून," तो म्हणाला. रस्त्यात ओळखीचा जो भेटेल त्याला थांबवून तो दुपारची हकीकत सांगत होता, आणि प्रत्येक वेळी पहार, डांबर आणि स्वतःची शिव्यांची कमाई पटकन उरकून तिच्या त्या लांब ओळीपाशी येऊन रेंगाळत होता, जिच्यातला एक शब्दही त्याला समजला नव्हता.