चौथी ओळ

स्नेक गावातल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या क्लबात हिल्ब्रांडच्या हाताला तोड नव्हती, आणि हे इतरांच्या आधी त्याला स्वतःला ठाऊक होतं. शरद ऋतूतल्या जत्रेसाठी क्लब वीस सर्किट बोर्ड बनवायचा. ते अकरा वर्षं त्यानंच सोल्डर केले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या शाईत आपलं नाव घातलं होतं. पैसे फारसे सुटत नसत, पण त्या नावासाठी तो वर्षभर जगायचा म्हणा ना.

मार्चमध्ये सीत्स्का आली. चाळीस वर्षं दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवून निवृत्त झालेली बाई. तिनं आपल्या पस्तीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड दुरुस्त करून आणला आणि क्लबचा अध्यक्ष वुब्बो भिंगाखाली बघतच राहिला. सोल्डरचे सगळे टाके एकसारखे, चकचकीत. तो कीबोर्ड कॉफीबरोबर टेबलभर फिरला. हिल्ब्रांडपाशी आला तेव्हा त्यानंही भिंग लावलं. खोट काढायला गेला आणि हात हलवत परत आला. शेवटी घरी जाऊन बायकोला सांगितलं, "बोर्ड पुसायला टूथब्रश वापरते, तोही मुलांचा." बायको म्हणाली की तू तर तुझी फाटकी बनियनं वापरतोस.

माणसाला पोटात दुखायला एवढंही पुरतं. पण जून महिन्यात वुब्बोनं सहज म्हणावं तसं म्हटलं, "यंदा हात बदलून बघू या का? हिल्ब्रांड, नेहमीसारखा नमुना तू कर. मग सीत्स्का एक बोर्ड करेल. तो तिच्या मशीनवर चालला, तर वीसही तिच्याकडे." हिल्ब्रांड हसून हो म्हणाला. त्या दिवशी घरापर्यंत सायकल त्यानं अशी हाणली की पुलावरच्या बदकांनी वाट सोडली.

नमुन्याचा बोर्ड त्यानं तीन जुलैला जोडला. यंदा मेमरी वाढवणारा होता. त्यावर तुरीच्या दाण्याएवढा एक पिवळा कपॅसिटर बसायचा. त्याचा एक पाय अधिकाचा, एक उण्याचा. उलटा लागला तर ठिणगी उडते, घाण वास सुटतो, आणि नशीब खोटं असेल तर मशीनही जातं. मीटर लावला तर बोर्डावर अधिकाची खूण चुकीच्या बाजूला छापलेली. हिल्ब्रांडनं खुणेकडे दुर्लक्ष करून कपॅसिटर बरोबर बसवला आणि बोर्ड काचेच्या कपाटात ठेवला.

क्लबाची रीत अशी की नमुना करताना सापडलेली प्रत्येक चूक भिंतीवरच्या कागदावर लिहायची, पुढे सापडल्याची तारीख टाकायची. पुढचे सगळे तो कागद वाचूनच जोडतात. हिल्ब्रांडनं तीन किरकोळ ओळी लिहिल्या. चौथीसाठी पेन टेकवलं, आणि खिशात घातलं. आपण काही केलं नाही, फक्त लिहिलं नाही, असं तो स्वतःला तीन आठवडे सांगत राहिला. आणि देव पाण्यात घालून, सीत्स्काचा बोर्ड चालू करायच्या शनिवारची वाट बघत बसला.

नवा बोर्ड पहिल्यांदा चालू करताना सगळे कप घेऊन दोन पावलं मागे उभे राहतात आणि जोडणाराच बटण दाबतो. वुब्बो वाळूची बादली घेऊन हजर होता. सीत्स्कानं बोर्ड आपल्या मशीनमध्ये खोचला. हिल्ब्रांड तीन पावलं मागे होता. तिनं बटण दाबलं.

पडदा निळा झाला. मेमरीचा आकडा उमटला, पूर्णच्या पूर्ण. टाळ्या पडल्या. हिल्ब्रांडला आपल्याही टाळ्या ऐकू आल्या.

"कपॅसिटरनं मला रडवलं," सीत्स्का म्हणाली. "छापलंय एक, आणि हिल्ब्रांडच्या नमुन्यात उलट. भिंग घेऊन तासभर कपाटापाशी बसले. मग म्हटलं, छपाई चुकेल, हिल्ब्रांड चुकायचे नाहीत. त्यांच्यासारखा लावला."

वुब्बो भिंतीकडे गेला आणि कागद वाचून माघारी वळला. "हिल्ब्रांड, हे इथे नाही."

"राहिलं असेल," सीत्स्काच म्हणाली, आणि तिनं हिल्ब्रांडच्या हातात पेन दिलं. "तुमच्याच अक्षरात असू दे."

त्यानं ओळ लिहिली. तारखेपाशी थांबला. आजची टाकली तर आत्ताच लक्षात आलं असं होत होतं, आणि कुणी विचारलंही नसतं. पण ती शेजारीच उभी होती, त्याच्या अक्षराकडे विद्यार्थ्यासारखी बघत. हिल्ब्रांडला तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तीन जुलै लिहिलं.

सीत्स्कानं तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"मी छापल्याप्रमाणे लावला असता तर?"

"फुटला असता."

"माझ्या मशीनसकट?"

"हो," हिल्ब्रांड म्हणाला.

तिनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि वुब्बोला म्हणाली की वीस बोर्डांची पेटी कुठे आहे ते दाखव.