सासूबाईंनी पाडलेला भाव

सासूबाईंनी भाव पाडला की आमच्या घरात सगळे खूश होतात. त्या दिवशी मात्र मला घाम फुटला.

आम्ही होडी बांधणाऱ्या मिस्त्रीकडे बसलो होतो. समुद्राच्या कडेला लांबलचक पत्र्याची शेड, जमिनीवर भुशाचा थर, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, आणि मधोमध आमच्या होडीचा नुसता सांगाडा, कणा आणि बरगड्या. भाव ठरला की मिस्त्री त्यावर फळ्या चढवणार होता. सासूबाई एका पालथ्या पिंपावर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत पैसे. पैसे त्यांचे, होडी माझी. जीवही माझाच, पण त्याला तिथे कोणी विचारत नव्हतं.

माझी आधीची होडी गेल्या वर्षी भर समुद्रात उसवली. तळाची फळी शेजारच्या फळीपासून सुटली आणि मी डब्याने पाणी उपसतोय तोवर ते गुडघ्यापर्यंत आलं. पालथ्या होडीला कवटाळून पडलो होतो, एका मोठ्या बोटीने उचललं म्हणून आज हे सांगतोय. तेव्हापासून सकाळी तोंडावर पाणी मारतानाही माझा श्वास अडकतो. पण मासे धरण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि घरी बायको आणि दोन पोरं आहेत. शेवटी सासूबाईंनी त्यांच्या कापडाच्या दुकानातली सगळी शिल्लक बाहेर काढली. अशा जावयाने भाव ठरताना मध्ये तोंड घालू नये, एवढी अक्कल मला आहे.

"मिस्त्री, हा आकडा होडीचा आहे की शेडसकट?" सासूबाईंनी सुरुवात केली.

"मावशी, लाकूड तर बघा. असं लाकूड हल्ली मिळत नाही."

"मग तुम्हाला कसं मिळालं? कोणाचा दरवाजा काढून आणलात?"

मिस्त्री हसला आणि भावात जरा खाली उतरला. सासूबाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेल्या. त्याने हाक मारली आणि आणखी उतरला. त्या परत येऊन बसल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या माणसाचा चेहरा बघा. याला बघून तुम्हाला एवढे पैसे मागवतात तरी कसे?"

मी सांगाड्याकडे बघत होतो. आकडा खाली आला की मला वाटायचं, एक फळी पातळ झाली. आणखी खाली आला की वाटायचं, आता खिळे कमी झाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला.

शेवटी सासूबाईंनी असा आकडा सांगितला की माझीच मान खाली गेली. त्यांनी तिसरा हिस्सा उडवला होता. आता मिस्त्री हातातला रंधा फेकून मारतो की काय, असं मला वाटलं. त्याने सांगाड्याकडे एकदा नजर टाकली, मान खाजवली आणि म्हणाला, "ठीक आहे मावशी. तुमच्या मनासारखं होऊ दे."



रस्त्याला लागल्यावर सासूबाईंची चाल बदलली होती. "पाहिलंत ना जावईबापू? कसा पाघळला!"

"आई, तो फार लवकर हो म्हणाला."

"मग काय, रडत रडत हो म्हणायला हवं होतं?"

"तोटा खाऊन कोण होडी बांधून देईल?"

"तोटा कोणीच खात नाही हो! गिऱ्हाईकाला आपलं वाटतं, आपण जिंकलो. माझ्या दुकानात फार घासाघीस करणारी कोणी आली ना, तर मी म्हणते, घे बाई, तुझंच खरं. आणि मोजताना कापड जरा ताणते. मीटरमागे दोन बोटं सुटतात. घरी जाऊन ती बेतायला बसली, की मग..."

त्या बोलायच्या थांबल्या आणि चालायच्याही. मागून येणारा सायकलवाला आम्हाला शिव्या देत बाजूने गेला. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"चला मागे," त्या म्हणाल्या.

मिस्त्री अजून सांगाड्यापाशीच उभा होता. सासूबाई या वेळी बसल्या नाहीत. "मिस्त्री, कुठे ताणणार आहात?"

"म्हणजे?"

"मी जो हिस्सा कमी केला, तो तुम्ही कशातून काढणार? फळ्यांतून की खिळ्यांतून?"

"कशातूनच नाही मावशी. दिला शब्द तो दिला."

सासूबाईंनी पिशवी उघडली. "तुमचा पहिला आकडा घ्या. पूर्ण."

तो रागावेल, हात जोडेल, निदान नको नको तरी म्हणेल, अशी माझी आशा होती. त्याने पैसे घेतले, मोजले आणि खिशात घातले. "आता निर्धास्त राहा," तो म्हणाला. म्हणजे मघाशी निर्धास्त राहण्यासारखं नव्हतं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

  "मी त्याला माझी भीती दाखवली," परतताना सासूबाई एकदम म्हणाल्या. "गिऱ्हाईक घाबरलेलं दिसलं की त्याच्या गळ्यात काहीही मारता येतं. मला विचारा ना."

त्यानंतर दुकान बंद केल्यावर रोज संध्याकाळी त्या शेडमध्ये जाऊन बसू लागल्या. फळीवर नख ओढायच्या, खिळ्यांवरून बोट फिरवायच्या. कापडातला धागा न् धागा ओळखणारी बाई, पण लाकडातलं त्यांना काय कळणार? "मावशी, तुमचं दुकान इथेच हलवा," मिस्त्री चिडवायचा. एरवी त्यांनी त्याला चांगलं सुनावलं असतं. आता त्या कसनुसं हसायच्या. मीही फळ्या ठोकून बघायचो. आवाज चांगला यायचा, पण उसवलेल्या होडीचाही चांगलाच यायचा. मग रंग लागला आणि बघण्यासारखं काही उरलंच नाही.

होडी पाण्यात सोडली तेव्हा मी वल्ही दोनदा धरली आणि दोनदा सोडली. सासूबाईंनी काठावर चपला काढल्या आणि पाण्यातून चालत येऊन होडीची कड धरली.

"मी येते."

"आई, तुम्हाला पोहता येत नाही."

"तुम्हाला येतं ना? मग झालं तर."

त्या आत चढल्या, मधल्या फळीवर बसल्या आणि अनवाणी पाय तळावर पसरून टेकवले. फडक्याने आधी पाय पुसले, मग तळ पुसला. काठ मागे पडत गेला. त्यांनी दोन्ही हातांनी बसायची फळी धरली होती आणि डोळे गच्च मिटले होते.

"पाय वर घ्या आई, अवघडतील."

"नको. पाणी आलं तर आधी मला कळू दे." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "नाहीतर मुलीला काय सांगू मी? होडी स्वस्तात पडली म्हणून?"

मी वल्ही मारत राहिलो. माझी भीती कमी झाली असं म्हणालो तर खोटं होईल, पण त्या होडीत ती आता माझ्या एकट्याची नव्हती.

"कोरडं आहे?" मी विचारलं.

"कोरडं आहे."

जरा पुढे गेल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा कोरडं होतं. काठावरची माणसं दिसेनाशी झाली तेव्हा मी होडी वळवली.

"कोरडं आहे ना अजून?"

"आज आहे," डोळे न उघडता सासूबाई म्हणाल्या. "उद्या किती वाजता निघायचं?"