याहीबुवांची गळकी फटफटी

धुळ्याकडून येणारी फटफटी एरंडोलच्या वेशीत शिरली तेव्हा पुनाआबांची उजवी पोटरी तेलाने चिंब झाली होती. मागे बसलेल्या त्यांच्या बायकोने, कमलबाईंनी, पारोळ्यापासूनच लुगड्याचा काठ वर धरला होता आणि तोंडाचा पट्टा सोडला होता. नातीच्या बारशाला नवं लुगडं नेसून निघालेली बाई, तेलाच्या घाण्यावरून उठून आल्यासारखी दिसायला लागल्यावर आणखी काय करणार?

आबांना तिचं बोलणं लागत नव्हतं. त्यांना काळजी होती ती अभिमननानांच्या अंगणाची.

अभिमननाना म्हणजे त्यांच्या सुनेचे, लताचे वडील. सोयरीक झाली तेव्हा दोघांचं फार छान जमलं होतं. पण लग्नाच्या दिवशी आबांनी ही फटफटी ऐटीत मांडवाच्या तोंडाशी लावली आणि तिने सुवासिनींनी काढलेल्या मोठ्या रांगोळीवर काळं तेल सांडलं. नाना आधीच कामाने बेजार झालेले. भर मांडवात ते ओरडले, "याही, तुमना घोडाले लंगोट बांधा ना!"

सगळा मांडव हसला. आबांच्या बाजूची करवलीसुद्धा हसली. त्या दिवसापासून दोन्ही याहींचं, म्हणजे व्याह्यांचं, बोलणं रामराम आणि पाऊसपाणी यांच्यापुढे गेलं नव्हतं. भांडण म्हणावं तर नाही, पण गोडीही नाही.

म्हणून आज आबांनी फटफटी अंगणाबाहेर, थेट निंबाच्या झाडाखाली लावली आणि डिकीतून गोणपाट काढून तिच्या पोटाखाली अंथरलं. मान वर करतात तो समोर नाना उभे, हातात पाण्याचा तांब्या.

"रामराम."

"रामराम."

नानांची नजर गोणपाटावर गेली. त्यावर टप्पकन एक थेंब पडला. दोघांनीही तो पाहिला. मग दुसरा पडला.

"आजून गळसच का?" नानांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, पण आबांना तो ऐकू आलाच.

"गळस तर गळस. चालस ना?" आबा फटकन बोलले आणि हातपाय धुवायला निघून गेले.

घरात लता बाळंतिणीच्या खोलीत बसली होती. तिच्या मांडीवर मूठभर पोर. आबांनी नातीला हातात घेतलं आणि त्यांचा सगळा राग विरघळला. पोरीला शेकाचा आणि पावडरीचा वास येत होता. तिने आबांचं बोट धरलं, ते सोडेचना. कमलबाई म्हणाल्या, "त्या बोटाला तेल लागेल शे, पोरगीले नका लावू!" तेव्हा कुठे त्यांनी ती परत दिली.

बारसं दुपार कलल्यावर होतं. आबांचा मुलगा आणि बाकीची मंडळी एसटीने येणार होती. बायका कामात, पुरुषाला काही काम नाही. आबा बाहेर आले तर नाना फटफटीजवळ उकिडवे बसून तिच्या खाली वाकून पाहत होते.

"हात नका लावू," आबा म्हणाले. "धुळ्याचे बठ्ठे मिस्तरी थकले. खालचा बोल्ट बदलला, गिअरबॉक्सचं पॅकिंग बदललं, परत सगळं इंजिन उघडून नवीन पॅकिंगं टाकली. चार रोज बरी राहते, की पुन्हा सुरू."

"ते खरं. पन गळस कोठेन, ते कोन्ही पाहेल शे का?"

"खालतून गळस, आखो कोठेन?"

नाना हसले. "खाले तर टपकस, आबा. घरात पानी टपकस ते आपन जमीन खोदतस का? कौलं पाहतस."

नानांच्या विहिरीवर डिझेलचं ऑइल इंजिन होतं आणि ते त्याची सगळी दुरुस्ती स्वतः करत, हे आबांना ठाऊक होतं. पण फटफटीला आजवर स्वतः आबांशिवाय आणि मिस्तऱ्यांशिवाय कुणी हात लावला नव्हता. त्यांनी एकदा मिशी चाचपली. मग धोतर खोचून नानांच्या शेजारी उकिडवे बसले.

आधी दोघांनी रॉकेलच्या चिंध्यांनी इंजिन पुसून काढलं. वर्षानुवर्षांचा चिकट मळ निघाला आणि खालची चांदी दिसायला लागली. मग नाना म्हणाले, "आते कोरडं पीठ पायजे. तेल जथाइन निंघी, तथं पीठ ओलं व्हई."

पण बारशाच्या स्वयंपाकातलं पीठ फटफटीला द्यायला बेबाबाई, म्हणजे नानांची बायको, तयार होईना. "इंजिनना पोया करतस का?" असं म्हणून तिने नवऱ्याला चुलीजवळून हाकललं. शेवटी लतानेच आतून हाक मारली. ती बारावीपर्यंत शिकलेली, तिचं बोलणं शाळेतलं. "बाबा, बाळाची पावडर न्या. दोन डबे आलेत भेट म्हणून."

नानांनी डबा झटकून इंजिनावर पावडर उडवली. काळी फटफटी पांढरीफेक झाली. आबांना हसू आवरेना. "याही, हिला तीट लावा आता."

"तीट तीच लावी आपल्याले," नाना म्हणाले. "मारा किक."

आबांनी किक मारली. फटफटी धडधडली, पावडर थरथरली, सगळ्या अंगणात न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास सुटला. दोघं वाकून पाहत राहिले. बराच वेळ काही नाही. आणि मग अगदी वर, टॅपेटच्या झाकणाखालून, एक बारीक काळी रेघ निघाली. मुंगीसारखी वाट काढत ती पावडरीतून खाली आली, इंजिनाच्या कडेने वळली आणि बरोबर खालच्या बोल्टशी येऊन थांबली.

"वरतून!" आबा ओरडले. "अन् ते गाढव मिस्तरी इतके दिवस खालचा बोल्ट पिळत बसले!"

झाकण उघडलं. पण आतलं पॅकिंग तर नवंकोरं, कुठे फाटलेलं नाही, सरकलेलं नाही. नानांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पुन्हा बसवलं, बोल्ट चांगले आवळले. पुन्हा पावडर, पुन्हा किक. या वेळी वरचं झाकण कोरडं राहिलं. आबा टाळी वाजवणार एवढ्यात बाजूच्या सांध्यातून दुसरी रेघ निघाली.

आबांचा चेहरा पडला. "जाऊ द्या, नाना. हिचं नशीबच असं. एक भोक बुजवलं की दुसरीकडून गळते."

तेवढ्यात बेबाबाई चहा घेऊन आली. पांढरी फटफटी, तिच्यासमोर पांढऱ्या मिशांचे दोन याही, हे बघून ती आधी पोट धरून हसली. मग काय चाललंय ते तिने ऐकून घेतलं आणि सहज म्हणाली, "मन्हा कुकरनं असंच व्हयनं व्हतं. शिट्टी तुंबनी, का रबरमाईन वाफ निंघस. कितला रबर बदला, काय उपेग?"

चहा देऊन ती वळलीसुद्धा. नाना मात्र हातातला चहा तसाच धरून बसले.

"आबा," ते हळूच म्हणाले, "हिनी शिट्टी कोठे शे?"

"शिट्टी?"

"पोटातली हवा बाहेर जायला जागा असेलच की! माझ्या विहिरीवरच्या इंजिनाला आहे."

आबांच्या डोक्यात उजेड पडला. इंजिनाच्या मागून एक रबरी नळी निघून मडगार्डाखाली जात होती. ब्रीदर, इंजिनाची श्वास सोडायची वाट. गाडी घेतली तेव्हा त्यातून फस्स फस्स हवा यायची, हे त्यांना आठवलं. ती कधी थांबली, ते मात्र आठवेना. त्यांनी नळी उपसून काढली, तोंडात धरून जोर लावून फुंकली. गाल फुगले, डोळे बाहेर आले, हवा काही पलीकडे जाईना.

नानांनी सायकलची तार आत घातली. ठणकन काहीतरी लागलं. टोकरून टोकरून बाहेर काढलं तर माती! भाजलेल्या विटेसारखी घट्ट माती आणि तिच्यात वाळलेल्या दोन अळ्या.

"कुंभारीण माशी," नाना म्हणाले. "घर बांधलं तिनं. गाडी कधी बंद उभी होती का?"

आबा मांडी घालून खालीच बसले. "माझा पाय मोडला होता तेव्हा. लग्नाच्या आधीचा उन्हाळा. सगळा उन्हाळा गोठ्यात उभी होती." मग त्यांना असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. मिस्तऱ्यांनी आख्खं इंजिन उलगडलं, पण मागच्या नळीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. "एका माशीने आपली बोलचाल बंद केली हो, याही!"

नानाही हसायला लागले. हसता हसता त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

नळी धुऊन बसवली, उरलेली पावडर उडवली. किक मारताच मागून फस्स फस्स श्वास यायला लागला. इंजिन चांगलं तापेपर्यंत दोघं बघत राहिले. पावडर पांढरीच राहिली.

"रस्त्यावर पाहायला पाहिजे," नाना म्हणाले. "पद्मालयापर्यंत जाऊन येऊ. गणपतीला पाया पडू."

"बारसं?"

"आत्ता येऊ की!"

पद्मालयाला गेले, पाया पडले, वाकून इंजिन पाहिलं. कोरडं. आता परतायचं, तर नानांना फटफटी चालवायची हुक्की आली. आयुष्यात त्यांनी कधी चालवली नव्हती. तळ्याजवळच्या मोकळ्या जागेत आबांनी त्यांना बसवलं, क्लच सोडायला सांगितलं, आणि थांबवायचं कसं ते सांगायचं राहून गेलं. नाना गोल गोल फिरत राहिले. दर फेरीला "आबा, आते काय करू?" अशी आरोळी येई आणि आबा मागे धावत, हसून हसून त्यांना सांगताच येत नसे. देवळात जाताना आबांनी पेट्रोलचा कॉक बंद केला होता, म्हणून शेवटी ती आपणहून थांबली.

दोघं घरी पोहोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता, घुगऱ्या वाटून झाल्या होत्या. दारात कमलबाई आणि बेबाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"दोन आजे, अन् बारशाला एक बी नही!"

याहींनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाव काय ठेवलं?" आबांनी भीत भीत विचारलं.

"सांगू नका त्यांना," बेबाबाई म्हणाली. "पहिले तोंडं धुवा. पावडर लागेल शे बठ्ठी."

तोंडं धुऊन दोघं पाळण्याशी गेले. लताने हसून सांगितलं, "वैशाली."

"वैशाली!" आबा म्हणाले.

"वैशाली!" नाना त्यांच्याहून मोठ्याने म्हणाले.

नुकती झोपलेली पोरगी दचकून उठली आणि तिने असा गळा काढला की अंगणातली बायामाणसं आत धावली. दोन्ही आजोबा पाळण्याची एकच दोरी धरून, एकमेकांवर ढकलत, दोष कुणाचा ते ठरवत बसले.