काटा खाली आला

वेल्डरच्या दुकानात सुताराने खडूने लोखंडी पत्र्यावर एक गोल काढला आणि त्यात रेघ मारली.

“काटा इथे होता. भरलेला. मग असा खाली आला.” ती रेघ अंगठ्याने पुसून त्याने दुसरी मारली. “मी दहा मोजेपर्यंत शून्यावर.”

“आणि मग?” मास्तरांनी विचारलं. निवृत्त झाल्यापासून मास्तर गल्लीतल्या सगळ्यांचे अर्ज लिहून देत. आत्ताही त्यांच्या मांडीवर पुठ्ठा होता, त्यावर कोरा कागद. पेनाचं टोपण मात्र अजून काढलेलं नव्हतं.

“मग मी ओरडलो. सिस्टर धावत आली, टाकीवर वाकली. म्हणाली, टाकी तर भरलेली आहे, हे बघा. मी बघितलं. काटा परत वर.”

“म्हणजे टाकी दहा आकड्यांत रिकामी झाली आणि आपोआप भरली?”

“काय झालं ते मला माहीत नाही, मास्तर. मी पाहिलं ते सांगतोय.”

बावीस दिवस झाले होते. सुताराच्या बायकोला वॉर्डातून एक्स-रेसाठी नेत होते. स्ट्रेचरला ऑक्सिजनची टाकी लावली होती. लिफ्ट येईना, म्हणून सोबतचा हॉस्पिटलचा माणूस जिन्याने खाली बघायला गेला. वॉर्डाबाहेरच्या बोळात, लिफ्टच्या बंद दारासमोर, ती गेली. हॉस्पिटलचं पत्र आलं होतं: टाकी भरलेली होती, तपासली आहे. उद्या अकरा वाजता चौकशी होती.

वेल्डर पलीकडे फाटकाचा गज कापत होता. कापून झाल्यावर ज्योत बंद करून त्याने काळा चष्मा कपाळावर सरकवला.

“अरे, तीस वर्षं माझा टाक्यांशी संसार आहे. बायकोपेक्षा जास्त ओळखतो त्यांना.” बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. “टाकी गळेल, फुटेल. पण रिकामी होऊन परत भरायला ती काय विहीर आहे? डोळ्यांत पाणी असलं की काटेसुद्धा हलतात, बाबा.”

“डोळ्यांत पाणी नव्हतं,” सुतार म्हणाला. “तेव्हा ती जिवंत होती.”

मास्तर घसा खाकरून म्हणाले, “हे बघ, लिफ्टचं लिहितो. सोबत हॉस्पिटलचं कोणी नव्हतं, तेही लिहितो. काट्याचं तेवढं सोडू. ते लिहिलं, तर बाकीचंही खोटं धरतील.”

“मग बाकीचं राहू द्या. तेवढंच लिहा.”

“तू असा हट्टाला पेटलास तर—”

“तुम्हालाही खोटंच वाटतंय ना, मास्तर?”

मास्तर पुठ्ठ्याची कड नखाने सोलत राहिले.

“चला, आधी जेवून घेऊ,” वेल्डर उठला. “उपाशीपोटी अर्ज लिहिला की भांडण होतं. वहिनीच म्हणायच्या.”

टाकीच्या डोक्यावरची किल्ली फिरवून त्याने ती बंद केली. मग रोजच्यासारखा कटर उचलला आणि नळीत राहिलेला ऑक्सिजन सोडून द्यायला त्याची चावी उघडली. फुस्स आवाज झाला.

“हे काय?” मास्तर म्हणाले.

टाकीवरच्या मीटरचा काटा खाली येत होता. आवाज बारीक होत गेला. काटा शून्यावर टेकला.

“टाकी संपली?”

“छे, सकाळीच आणलीय. ही भरलेलीच आहे. हा नुसता मीटरमध्ये अडकलेला—” वेल्डर थांबला. कटर त्याच्या हातात तसाच राहिला.

त्याने किल्ली उघडली. काटा उडी मारून वर गेला. किल्ली बंद केली, कटर सोडला. काटा खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली. तो तिसऱ्यांदा किल्लीला हात घालू लागला, तेव्हा मास्तर म्हणाले, “पुरे.”

कोणी कोणाकडे बघेना.

“आधी तपासायला उघडली असणार,” वेल्डर टाकीशीच बोलल्यासारखा बोलला. “भरलेली दिसली, बंद केली. वहिनींना लावताना परत उघडायची राहून गेली. मीटरमध्ये अडकलेल्या ऑक्सिजनवर काटा मात्र भरलेलाच दाखवत होता; तेवढा संपला, तसा खाली आला. सिस्टर आली तिने उघडली, म्हणून...” त्याने चष्मा काढला. “रोज दोनदा करतो रे मी हे. तीस वर्षं. आणि तुला म्हणालो...”

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. “सांग. तू म्हणशील तसं लिहितो. उद्या आम्ही दोघं तुझ्याबरोबर येतो.”

सुतार उठून टाकीपाशी गेला. त्याने किल्लीवर बोट ठेवलं.

“किती फिरवायची असते?”

वेल्डर कटरची नळी गुंडाळू लागला.

“अरे, किती?”

“अर्धा फेरा,” वेल्डर म्हणाला. “तेवढाही लागत नाही कधीकधी.”

“कुठल्या बाजूला?”

वेल्डरने बोटाने हवेत दाखवलं. सुताराने किल्ली फिरवली. जोर लावावा लागला नाही. काटा वर गेला.

“त्या दिवशी टाकी माझ्या गुडघ्याला लागत होती,” तो म्हणाला.

मास्तरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते वाक्य त्यांनी लिहिलं नाही.